पुकारेनानांनी माईक खाली ठेवला

काय काम करतेस असं कुणी विचारलं, की करकंबची आरोही "मशीनला बोलायला शिकवते" असं सांगून मोकळी व्हायची. विचारणारा मान डोलवायचा आणि पुढचा प्रश्न लग्नाचा काढायचा. त्याला तरी काय दोष द्यायचा? सोलापुरात होटगी रोडला, एका दातांच्या दवाखान्याच्या वर दोन खोल्यांत बसलेली पोरं कुठल्या कुठल्या देशांतल्या प्रोग्रामरांसाठी काही बनवतात, हे तिच्या आईलाही, शालनबाईलाही, बरेच दिवस खरं वाटत नव्हतं. पगार वेळेवर येतो म्हटल्यावर मग वाटायला लागलं.

कंपनी नंदीशची. नंदीश अक्कलकोटचा, पुण्यातली नोकरी सोडून परत आलेला, राग आला की कन्नडमध्ये पुटपुटणारा. त्यानं ब्लॉकचेनवर काम करणाऱ्या प्रोग्रामरांसाठी एक एआय मदतनीस बनवायला घेतला होता. ब्लॉकचेन म्हटलं की लोक उगाच बिचकतात. अनेक संगणकांवर एकाच वेळी उमटणारी नोंद, एवढंच ते. फक्त एकदा उमटली की ती कुणालाही खोडता येत नाही, लिहिणाऱ्यालासुद्धा नाही. मग त्यात चूक गेली तर तीही तशीच चारचौघांत मिरवत राहते. म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या शेजारी बसून चुका दाखवणारा कुणीतरी हवा.

मदतनीसाचं डोकं एका मोठ्या कंपनीकडून भाड्यानं घेतलेलं होतं. स्वभाव मात्र घरचा घालायचा होता. "बाजारात असले मदतनीस पोत्यानं आहेत, सगळे सारखेच गोड बोलतात. आपला जरा वल्ली पाहिजे," असं नंदीश म्हणाला आणि ते काम आरोहीकडं आलं. तो कसा बोलेल, कधी थट्टा करेल, कधी रागावेल, काय कधीच बोलणार नाही, हे सगळं तिनं ठरवून लिहायचं. नंदीशच्या मनात जादूगाराची टोपी घातलेलं घुबड होतं. चित्रसुद्धा काढून घेतलं होतं त्यानं.

"घुबड?" आरोही म्हणाली. "सर, आमच्याकडं दारात घुबड बसलं तर म्हातारी माणसं शांती करायला भटजी बोलावतात."

घुबड उडालं आणि त्याच्या जागी पुकारेनाना आले. डोक्याला फेटा, हातात माईक, आवाज मांडवाबाहेर जाईल असा. लग्नात आहेर पुकारणारा माणूस. प्रोग्राममध्ये कुणी बिननावाची गोष्ट ठेवली की नाना पुकारायचे, "मंडळी, शांतता! हा आहेर कुणाचा? ना नाव, ना गाव! पाव्हण्यांनी लाजू नये, पुढं यावं!" ऑफिसातल्या नवनाथनं तीच चूक दुसऱ्यांदा केली की, "नवनाथरावांकडून प्रोग्रामला कालचीच चूक, इस्त्री करून सप्रेम भेट! वाजवा रं!" ऑफिसात हसून हसून लोकांचे चहा सांडले. आरोहीनं सगळ्यांना सांगितलं होतं की नाना म्हणजे आपल्या कल्पनेतलं पात्र.

ही शुद्ध थाप होती. नाना म्हणजे तिचे वडील, हिंदुराव.

हिंदुरावांची शेती बेताची, पण तालुक्यात त्यांचं नाव झालं ते माईकमुळं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, की मांडवात त्यांच्या नावाचा पुकारा व्हायचा. मग कुणाकडून नवरदेवाला पूर्ण पोशाख, कुणाकडून नवरीला साडी-चोळी, कुणाचं पातेलं, कुणाचा टॉवेल-टोपी, हे ते असं काही रंगवून सांगायचे की टॉवेल देणाऱ्याचीही कॉलर ताठ व्हायची. कुणाचा मान आधी, कुणाचा नंतर, हे त्यांना कधी सांगावं लागलं नाही. लहानगी आरोही स्टेजच्या कडेला, आहेराच्या भांड्यांच्या ढिगाला टेकून बसायची आणि हा आपला बाप आहे म्हणून इकडंतिकडं बघायची. मांडवातल्या सगळ्यांचं लक्ष जिच्या बापाकडं आहे अशी ती एकटीच मुलगी तिथं असायची, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं.

आता ते दिवस सरले. पत्रिकेत खाली 'आहेर आणू नयेत' असं छापून येतं आणि माईक पंढरपूरहून आणलेल्या अँकरच्या हातात असतो, शेरोशायरीसकट. हिंदुरावांना गेली काही वर्षं कुणीच बोलावलेलं नाही. ते कधी त्याबद्दल बोलत नाहीत. पण लांबून कुठून लग्नाचा स्पीकर ऐकू आला, की हातातलं खुरपं थांबतं आणि ते नकळत घसा साफ करतात. आरोहीनं ते पाहिलं होतं. म्हणूनच तिनं नाना बनवले. आणि म्हणूनच ऑफिसात नाव सांगितलं नाही, कारण उद्या नंदीशनं नानांना काढून टाकलं असतं तर तिच्या अण्णांनाच दुसऱ्यांदा मांडवातून उठवल्यासारखं झालं असतं.

आणि नेमकी तीच वेळ आली.

उजनीच्या काठचा नवनाथ, कंपनीतला सगळ्यात हुशार प्रोग्रामर, नानांची चाचणी घेत होता. काम सांगोल्याच्या एका डाळिंब निर्यात कंपनीचं. कुठल्या बागेतलं फळ, फवारणी कधी, तोडणी कधी, हे सगळं ब्लॉकचेनवर चढवायचं, म्हणजे परदेशात पेटी उघडणाऱ्याला ते बघता येईल. नवनाथनं प्रोग्राम लिहिला, नानांच्या थट्टेवर पोट धरून हसला आणि 'चढवा' दाबलं. त्याआधी नानांनी बजावलं होतं, "पाव्हणं, जपून! एकदा वर गेलं की उतरायला शिडी नाही!" नवनाथला तो पुढचा विनोद वाटला. झालं. सगळ्या तालुक्याची डाळिंबं एकाच शेतकऱ्याच्या नावावर चढली.

ब्लॉकचेनची ही साखळी सरावाची होती, खरी नव्हती, म्हणून निभावलं. पण नंदीश आधी कन्नडमध्ये पुटपुटला आणि मग मराठीत म्हणाला, "गंमत काढून टाक, आरोही. चांगली होती, पण ज्याच्या इशाऱ्यावरही लोक हसतात तो मदतनीस काय कामाचा? साधा, सभ्य कर. शुक्रवारी सांगोल्याहून शिवानी मॅडम बघायला येतायत."

"शुक्रवारपर्यंत मला करून बघू द्या. नाही जमलं तर मीच नानांना काढते," आरोही म्हणाली. नंदीश बरं म्हणाला.

रविवारी ती करकंबला गेली. नंदीशचं म्हणणं खोटं नव्हतं, हे तिला छळत होतं. सारखी थट्टा करणाऱ्याचं खरं कसं ओळखायचं? जेवताना तिनं म्हशीचा विषय काढला.

म्हशीची गोष्ट तालुक्याला पाठ आहे. धरणाकाठच्या एका लग्नात नवरीचा मामा सिद्राम टॉवेल-टोपी घेऊन उभा होता आणि हिंदुराव ऐन रंगात होते. "नवरीचे मामा सिद्राम पाव्हणे यांच्याकडून भाचीला एक दुभती म्हैस!" बँड वाजला, टाळ्या पडल्या. आता थट्टा होती म्हणून सांगणार कोण? हजार माणसांनी ऐकलेलं. सिद्रामनं इभ्रतीपायी स्वतःच्या गोठ्यातली म्हैस सोडून भाचीच्या सासरी नेऊन बांधली.

"त्येची बायकू अजून बाजारात दिसली की माज्याकडं बगून तोंड फिरवती," शालनबाई म्हणाली. "जीभ ह्यांची आन म्हस त्येंची."

"चुकलं ते चुकलं," हिंदुराव पुटपुटले.

"मग अण्णा, त्याच्यानंतर तुमी थट्टा सोडली का?"

"सोडून कसं भागंल? थट्टा नसंल तर मानसं ऐकत्यात व्हय? पर मोठा आहेर आला की माईक खाली ठिवायचो. लाजच वाटायची मला त्या म्हशीची. जवळ जाऊन म्हनायचो, पाव्हनं, काय देताय ते तुमच्या तोंडानं सांगा. त्यो सांगंल तेवडंच पुकारायचं."

"आणि लोक?"

"लोक गप व्हायची की. मी कदी गप बसत न्हाय ना, मी गप म्हनल्यावर समदी मान वर करून बगायची."

आरोही घास हातात धरून बसली. अण्णांना आपण काय सांगून गेलो याचा पत्ता नव्हता. ते चटणी मागत होते.

पण मांडवातलं मशीनमध्ये आणणं सोपं नव्हतं. सोमवारी तिनं 'चढवा' दाबल्यावर नाना गप्प होतील असं केलं, तर नवनाथला वाटलं नेट गेलं. त्यानं उठून वायफायचा डबा बंद-चालू केला. मग तिनं नानांना एक लांबलचक गंभीर भाषण दिलं, ते कुणी वाचलंच नाही. पुढचे दिवस ती लिहीत होती आणि खोडत होती. थट्टा थोडी कमी करून बघितली, तर उलट इशारा आणखीच बुडाला. शेवटी उमगलं की आधी थट्टा भरपूर हवी, तरच तिचं थांबणं कानाला लागतं. मग तिनं थट्टा परत घातली, वर आणखी चार चिमटे जास्त. आणि शेवटच्या जागी तीन साधी वाक्यं ठेवली.

शुक्रवारी शिवानी आली. डाळिंब कंपनीची प्रोग्रामर, स्वतः बागायतदाराची मुलगी, कपाळाला आठी घालूनच बसली. लग्नातला माणूस वगैरे ऐकून तिला हे पोरकट वाटत होतं आणि तिनं ते लपवलं नाही. नंदीश आरोहीकडं बघत होता. आरोही कुणाकडंच बघत नव्हती.

शिवानीनं काम सुरू केलं. नानांनी तिच्या पहिल्याच चुकीचा साग्रसंगीत पुकारा केला आणि आठी गेली. दुसऱ्या चुकीला ती हसली. तिसऱ्या वेळी तिनं नानांनाच उलट टोमणा लिहिला, आणि नानांनी तोही मांडवभर पुकारला. सगळं चढवायला तयार झालं. तिनं हसत हसतच 'चढवा' दाबलं.

पडद्यावर अक्षरं उमटली: "ताई, माईक खाली ठेवला. आता थट्टा नाही. काय चढवताय ते तुमच्या शब्दांत लिहा, मगच पुकारतो."

शिवानीचं हसू जागच्या जागी थांबलं. खोलीतल्या सगळ्यांच्या माना वर झाल्या. तिनं लिहायला सुरुवात केली, 'प्रत्येक बागेची फवारणीची तारीख, नंतर तोडणीची', आणि लिहिता लिहिता तिची बोटं अडखळली. तिनं वर जाऊन आपला प्रोग्राम पुन्हा वाचला. तारखा उलट्या जात होत्या. तोडणीच्या जागी फवारणी. फळ तोडून झाल्यावर त्यावर औषध मारलं, असं साऱ्या जगाला कायमचं दिसलं असतं आणि सांगोल्याची एकही पेटी कुणी घेतली नसती.

तिनं ते दुरुस्त केलं, नानांना नीट लिहून दिलं आणि मगच चढवलं. "ठेवा ह्यांना," ती नंदीशला म्हणाली. "एक शब्द कमी करू नका. कोण आहे हा माणूस?"

"आमच्या टीमनं कल्पनेतून..." नंदीशनं सुरुवात केली.

"माझे वडील आहेत," आरोही म्हणाली. "हिंदुराव. करकंबचे. बोलणं सगळं त्यांचं, आणि मशीनला ते शिकवलं मी."

आवाज जरा मोठाच निघाला. खालच्या दवाखान्यातही गेला असेल. जाऊ दे, असं तिला वाटलं. इतके दिवस दडवून ठेवलेलं नाव एकदाचं बाहेर पडलं होतं, आणि स्वतःच्या कामाचा आणि बापाचा असा दुहेरी अभिमान तिला आयुष्यात पहिल्यांदाच एका दमात वाटत होता. नवनाथ आ वासून बघत राहिला. नंदीशनं टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली.

"अजून पुकारतात का ते?" शिवानीनं विचारलं. "वैशाखात माझ्या भावाचं लग्न आहे. आमच्या घरी आहेर घेतात अजून. अँकर ठरवायचं चाललंय, पण मला हे पाहिजेत."

आरोहीनं तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. हिंदुराव उसाला पाणी देत होते. सांगोल्याचं लग्न म्हटल्यावर त्यांनी घसा साफ केलेला खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आला.

"येतो म्हनावं की," ते म्हणाले. "पर त्यास्नी माजं नाव कुनी सांगितलं?"

मग आरोहीनं सगळं सांगितलं. मशीन, नाना, माईक खाली ठेवणं, सगळं. आता अण्णा रागावतात की काय म्हणून ती फोन हातात घट्ट धरून उभी राहिली.

"म्हंजी माज्यागत बोलतंय त्ये?"

"तुमच्यागतच. तुमचं ऐकूनच मी लिहिलंय."

"आन लोक ऐकत्यात त्येचं?"

"व्हय अण्णा. लई ऐकत्यात."

"मंग शाबास तुजी, पोरी," हिंदुराव म्हणाले, आणि लगेच त्यांच्या आवाजाला मांडवातली जुनी धार चढली. "पर सांगोल्याला त्येला आनायचं न्हाय. एका मांडवात दोन पुकारनारं मी चालवून घेनार न्हाय!"