वाट्याला आलेलं इंजिन

दादानं मिलिटरीच्या लिलावातून तो जुना फोर-व्हील पिकअप आणला, तेव्हा पार जानेफळपर्यंत कौतुक झालं. पण गाडी पेट्रोल अशी प्यायची की थोड्याच दिवसांत ती गोठ्यामागं उभी राहिली. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला, असं आई म्हणायची.

मी तेव्हा मेहकरला गॅरेजात कामाला होतो. माझ्या सासऱ्यांचा ट्रॅक्टर नाल्यात उलटला. बाकी सगळा मोडला, डिझेल इंजिन तेवढं धडधाकट राहिलं. ते त्यांनी मला देऊन टाकलं आणि मी चांगली नोकरी सोडून गावी आलो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं सगळ्यांना त्याचा सोयीस्कर विसर पडला.

ते इंजिन दादाच्या पिकअपमधे बसवायला उन्हाळाभर आम्ही दोघं भाऊ लिंबाखाली राबलो. फांदीला पुली बांधलेली, साखळी दादाच्या हातात, मी गाडीखाली. इंजिनाची आणि गिअरबॉक्सची भोकं जुळेनात, म्हणून मधे बसवायला खामगावहून जाड लोखंडी प्लेट करून आणली. मग इंजिनाचं तेलाचं चेंबर पुढच्या एक्सलवर आपटायला लागलं. पुढच्या चाकांची ओढ काढून टाक, मागच्यांवर चालव, असं जो तो सांगायचा. मी ऐकलं नाही. पुढची चाकं ओढणार नसतील तर आमच्या काळ्या चिखलात ती गाडी काय चाटायची? मी इंजिन चार बोटं वर बसवलं, बॉनेट कापलं. दिसायला भूत, पण पावसाळ्यात एसटी बंद पडली की लोणारच्या बाजारापर्यंत फक्त आमचीच गाडी जायची.

तिथंच माशी शिंकली. लोक तिला 'धाकट्याची गाडी' म्हणू लागले. दादाला ते झोंबलं आणि त्यानं वाटणी काढली.

आमच्याकडं थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. दादानं एका वाट्यात नाल्याकाठचं वावर, विहीर आणि इंजिन ठेवलं. दुसऱ्यात गावालगतचं वावर आणि बिनइंजिनाची गाडी. मी पंचांसमोर हात जोडले.

"दादा, मले वावर कमी द्या, पण गाडी फोडू नका. पायजे तं अख्खी तुम्हीच ठेवा, मी नुसती चालवतो."

"इंजिन तुह्या सासरचं, गाडी माही," दादा म्हणाला. "ज्याचं त्याले."

पंचांनी माना डोलावल्या. त्यांनी जन्मभर बैलजोड्या वाटल्या होत्या. जोडी फुटली तरी एकेक बैल जगतो, शेजाऱ्याच्या बैलाशी सावड करून पेरणी होते. इथंही तसंच होईल असं त्या शहाण्यांना वाटलं. अरे, सावड करायला तशी दुसरी गाडी तालुक्यात होती कुठं?

मी इंजिनाचा वाटा उचलला. विहीर सोडली असती तर खाल्लं काय असतं? इंजिन काढायलाही मीच लागलो. तीच फांदी, तीच पुली, साखळी दादाच्याच हातात. एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. दुसरं इंजिन टाकू, असा त्याचा तोरा होता, पण मी केलेल्या मापात काहीच बसेना आणि मला विचारायला त्याची जीभ रेटली नाही. मीही आपणहून गेलो नाही. का जावं? गाडीत कोंबड्या अंडी घालायला लागल्या.

इंजिन विहिरीवर पाणी ओढत राहिलं. काही वर्षांनी एका सकाळी दादा बांधावरून चालला होता. इंजिनाचा आवाज ऐकून थांबला. माझ्याजवळ बसून बसूनच त्याचा कान तयार झाला होता.

"टॅपेट ढिलं झालं बे," तो म्हणाला. "आवाज येऊन राह्यला."

इतक्या वर्षांत तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला होता. मी मान वर केली नाही.

"हे तुमच्या वाट्यात नाही."

तो बांधावरून पुढं चालू लागला. पुन्हा कधी बोलला नाही, मरेपर्यंत. टॅपेट खरंच ढिलं होतं. तो बांधाआड दिसेनासा होईपर्यंत मी पान्याला हात लावला नाही.