वरच्यांचं बाथरूम, आमचं छत

मैत्रिणींनो, आज सकाळी आमच्या बेडरूमच्या छताचा पोपडा थेट गादीवर पडला. वरच्या फ्लॅटमधल्या वहिनींच्या नव्या बाथरूममधून पाणी झिरपत होतं.

तावातावाने वर गेले. बाथरूममध्ये निळ्या टाईल्स, काचेचं पार्टिशन! आमच्याकडे अजून बादली-मग. जळफळाट झाला नुसता.

मी तोंड उघडणार, तोच वहिनी म्हणाल्या, "चूक आमच्याच प्लंबरची. तुमचं छत, रंग, सगळं आम्हीच करून देऊ. लई त्रास झाला ना तुम्हाला?"

संध्याकाळी हे नागापूरच्या कामावरून आले. वर जाऊन आल्याचं सांगताना माझे डोळे भरून आले.

"छत करून देत न्हाई म्हणाल्या का?"

"सगळं करून देते म्हणाल्या."

"मग रडतेस कशाला?"

काय सांगू? आमची गळती खालच्यांकडे गेली असती, तर मला इतकं सहज 'चूक आमचीच' म्हणता आलं असतं का? त्याचाच हेवा वाटतोय. तुम्हाला वाटलाय कधी असा?