अकरावा आकडा

मागच्या मे महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी अडीच वाजता, माजरीकडच्या एका कोळसा सायडिंगवर अठ्ठावन्न वॅगनची मालगाडी भरून तयार झाली. यादीतली एक्केचाळिसावी वॅगन मात्र त्याच वेळी शेजारच्या राज्यात रिकामी होत असल्याचं संगणक सांगत होता.

यादी माझ्या वहिनीची. गाडीच्या कडेनं चालत प्रत्येक वॅगनचा नंबर उतरवणं हे तिचं काम. एकटीनं यादी करण्याचा तिचा पहिलाच आठवडा होता. मी तिचं जेवण पोचवायला ऑफिसात गेलो होतो आणि पंख्याखालून हललो नव्हतो.

"बाई, वॅगनले पाय फुटले का?" तिथले जुने बाबू म्हणाले.

"नंबर बरोबर हाय, भाऊ. अकरावा आकडा जुळते."

वॅगनचा नंबर अकरा आकडी असतो. हा दोन हजार दोनशे आठ कोटींच्या वर जात होता: २२०८११७२३५३. पहिले दहा आकडे वॅगनची माहिती सांगतात, अकरावा फक्त त्यांची राखण करतो. दुसरा, चौथा, सहावा, आठवा आणि दहावा मिळवून तिप्पट करायची, त्यात उरलेले पाच मिळवायचे. बेरजेला पुढच्या पूर्ण दहापर्यंत जेवढं कमी पडेल, तो अकरावा. वहिनी हे चालता चालता तोंडी करते. इथं बेरीज सदुसष्ट, सत्तरला तीन कमी, आणि शेवटी तीन.

"मंग संगणक खोटा बोलते? चला, अठ्ठावन्नही पुन्हा पाहू. अन् उद्यापासून मी येतो तुमच्यासंगं."

म्हणजे पुन्हा कुणाच्या तरी मागे वही घेऊन फिरणं. वहिनीनं हातातली पोळी खाली ठेवली.

"दोन मिनिटं थांबा ना, भाऊ."

ती शेजारशेजारचे आकडे उलटेपालटे करून पाहू लागली. प्रत्येक वेळी बेरीज बिघडे. सात-दोनवर ती थांबली. सात आणि दोनची तिप्पट, तेरा. उलट केलं तर दोन आणि सातची तिप्पट, तेवीस. फरक बरोबर दहाचा, त्यामुळे शेवटचा आकडा तोच. शेजारच्या दोन आकड्यांत पाचाचं अंतर असलं की राखणदाराला अदलाबदल दिसत नाही. या नंबरात असा जोड एकच होता.

"बहात्तर नाई, सत्तावीस असन. एकच वॅगन पाहून येतो मी," वहिनी म्हणाली.

"एवढ्या उन्हात? आलुबोंड्याची पैज लावता का?"

"दोन लावतो. तर्रीसकट."

दुपट्टा बांधून ती गेली. वीस मिनिटांनी मोबाइलवर फोटो घेऊन आली: २२०८११२७३५३. संगणकानं तो नंबर लगेच घेतला. चारला दहा कमी असताना गाडी सुटली. बाबूंनी आलुबोंडे मागवले आणि त्यातला एक स्वतःच उचलला.

"चूक तर तुमचीच होती ना, बाई?"

"होती ना. हुडकली कोणं?"

बाबूंनी उरलेला आलुबोंडा तिच्यापुढे सरकवला.

सोमवारची यादी वहिनीनं एकटीनं केली. ती मी पाहिली. पाचाच्या अंतराच्या प्रत्येक जोडाखाली पेन्सिलची रेघ होती.