मागच्या सीटचे आनंदराव

प्रताप नगरच्या त्या गल्लीत आनंदराव मोहोडांना गाडी चालवता येत नाही हे कुणाला माहीत नव्हतं, कारण तसं कुणी कधी विचारलंच नव्हतं. तीस वर्षं ते हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. सकाळी कंपनीची बस कोपऱ्यावरून उचलायची, संध्याकाळी कोपऱ्यावर आणून सोडायची. चैत्रात ते रिटायर झाले. शाल मिळाली, नारळ मिळाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आनंदराव आंघोळ करून, केसांना पाणी लावून, भांग पाडून फाटकाशी उभे राहिले. बस आली. थांबली नाही.

त्या दिवसापासून त्यांना एक दुखणं जडलं. अंगात नेमकं कुठं, ते डॉक्टरला सांगता आलं नसतं. पण सकाळी सात ते अकराच्या दरम्यान फार दुखायचं. त्या वेळात सगळी गल्ली कुठं ना कुठं निघायची. फाटकं वाजायची, गाड्या सुरू व्हायच्या, डबे हँडलला अडकायचे. आणि एवढ्या सगळ्या घाईत एकालाही आनंदरावांचं काही काम नसायचं.

अशातच पेट्रोल महागलं. आधीच महाग होतं, आता इतकं महागलं की पंपावर माणसं काट्याकडे न बघता दुसरीकडे बघू लागली. मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर गल्लीची मीटिंग बसली. अध्यक्ष महादेवराव, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, आवाज अजून कचेरीतलाच.

"आपण सारे खेड्यापाड्यातून आलो," महादेवराव म्हणाले. "बजारातून रिकामी बैलबंडी घरी आणाची म्हणजे बापाले लाज वाटे. वाटेत कोणी दिसलं का बसवून घ्याचं. आता आपल्या पोरांच्या गाड्या पाहा. दोन सीटची गाडी, एकटा माणूस! मले सांगा, एका माणसाले जाले जेवढं पेट्रोल लागते, तेवढ्यात दोन माणसं जाते का नाई?"

"जाते," गल्ली म्हणाली.

"म्हणजे दुसरा फुकट जाते. म्हणजे अर्धं पेट्रोल वाचते. म्हणजे मागची सीट रिकामी घेऊन जो या गल्लीतून बाहेर पडला, त्यानं अर्धं पेट्रोल रस्त्यावर सांडलं. बरोबर?"

हिशोबात कुठं फट दिसेना. सीताबर्डीच्या कापड दुकानात कामाला जाणारी मिनल तेवढी म्हणाली, "काका, मेट्रोनं गेलं तं?"

"स्टेशनापावतर कशी जाशीन?"

"गाडीनं."

"मागं कोण बसन?"

ठराव मंजूर झाला: या गल्लीतून एकही गाडी मागची सीट रिकामी ठेवून बाहेर जाणार नाही. टाळ्या पडल्या. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणीतरी आपल्या मागे बसेल.

सकाळी महादेवराव गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले. सात वाजता दुर्गेश मोटरसायकल घेऊन निघाला. हा पोरगा आनंदरावांच्याच कारखान्यात लागलेला, पहिल्या पाळीत. महादेवरावांनी पेपरमागून त्याच्या मागच्या सीटकडे पाहिलं. दुर्गेशनं ब्रेक दाबला. आनंदराव फाटकाशी उभे होते, पेपर तिसऱ्यांदा वाचून झालेला.

"काका, बसा ना गा."

"कुठं?"

"मागं."

"मले कुठं जाचं हाय?"

"तुमाले नाई, मले जाचं हाय. तुमी फक्त बसा."

आनंदराव बसले. छातीतलं ते सातचं दुखणं पहिल्या वळणावरच गेलं. वारा तोंडावर घेत, दुर्गेशच्या खांद्यावरून रस्ता बघत ते हिंगण्याला पोचले, आणि फाटकापाशी उतरल्यावर दोघांच्याही लक्षात आलं की आता पुढं काय ते कुणी ठरवलंच नाही.

"चाला, तुमाले घरी सोडून देतो," दुर्गेश म्हणाला.

"मंग तू परत कसा येशीन? गल्लीतून निघतानी मागं कोण?"

"तुमीच."

"म्हणजे मी इथं येईन."

"हो."

"मंग मले घरी कोण सोडन?"

दोघांनी ते गणित उन्हात उभं राहून तीनदा सोडवलं. दर वेळी आनंदराव हिंगण्यालाच निघाले. शेवटी भोंगा झाला, दुर्गेश आत पळाला, आणि आनंदराव समोरच्या चहाच्या टपरीवर बाकावर बसले ते पाळी सुटेपर्यंत.

दुपारी जुने सोबती चहाला बाहेर आले. "काय मोहोड, रिटायर झाले ना गा तुमी?"

"झालो."

"मंग इथं काहून?"

"दुर्गेशच्या मागं आलो."

"काय काम काढलं?"

"मागं बसाचं."

सोबत्यांनी हे ऐकून घेतलं आणि मान डोलावली. कारखान्यात याहून कमी कामाची माणसं त्यांनी पाहिली होती.

संध्याकाळी आनंदराव घरी आले, खुर्चीत टेकले, आणि तीस वर्षं म्हणत आले तेच म्हणाले, "जयवंता, आज लय थकलो वं." बायकोनं पाणी आणून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा मागून घेतला.

महिन्याभरात आनंदरावांचं नाव झालं. मागं बसणं ही सोपी गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्या मागं कधी नीट बसणारा बसलेला नसतो. आनंदराव वळणावर गाडीच्या बाजूनं झुकायचे, विरुद्ध नाही. खड्डा आला की पायांवर थोडं उठायचे, म्हणजे गाडीला कळूही नये. सिग्नलला पाय खाली टेकत नसत. बोलत नसत. गल्लीतल्या तीन घरांनी त्यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवायला सुरुवात केली. एकदा मिनलच्या मागं बसून ते सीताबर्डीला गेले आणि दुकानात साड्यांच्या ढिगाशी नऊ तास बसले. दोन बायांनी त्यांना मालक समजून भाव कमी करायला लावला. पण खरी नेमणूक दुर्गेशकडेच. त्यानं त्यांना हेल्मेट घेऊन दिलं. आनंदरावांनी त्यावर आपलं नाव घातलं, ऑइलपेंटनं, कारखान्यात पान्यांवर घालत तसं.

"पेट्रोल वाचून राहिलं का पण?" जयवंताबाईंनी एकदा पोळी लाटता लाटता विचारलं.

"अर्धं."

"कोणाचं?"

आनंदराव बोटांवर हिशोब करू लागले.

"तुमचे महादेवराव बंडीचं सांगते," जयवंताबाई म्हणाल्या. "बंडीवाले वाटेनं पायी चालणाऱ्याले बसवत होते. तुमी घरी बसलेल्याले उचलून राहिले."

हे बोलणं आनंदरावांच्या कानावरून गेलं. त्यांच्या मनात उद्याचा डबा होता.

मग श्रावणात बायजाबाई उगवल्या. कोपऱ्यावरच्या घरात पुतण्याकडे राहायला आलेल्या, सत्तरीच्या, वाळत घातलेल्या धुण्यासारख्या हलक्या. एके दिवशी आनंदरावांना ताप होता म्हणून दुर्गेशनं बायजाबाईंना मागं बसवलं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, आनंदराव हेल्मेट घेऊन फाटकाशी उभे राहिले, आणि दुर्गेश गाडी थांबवून खाली बघत म्हणाला, "काका, मनावर घेऊ नका गा. आजी बसली का गाडीले समजतच नाई. जेवढ्या पेट्रोलमधी आपण हिंगणा करतो, तेवढ्यात आजी हिंगणा करून वरून वाडीलेबी जाऊन येते."

"वाडीले काय काम हाय तिचं?"

"काम नाई. उरते ना पेट्रोल, मंग वाया कशाले घालवाचं?"

बायजाबाई मागून म्हणाल्या, "भाऊजी, मी बोलतबी नाई."

"मी कुठं बोलत होतो?" आनंदराव म्हणाले. गाडी गेली. गल्लीच्या तोंडाशी महादेवरावांनी भरलेली सीट पाहून मान हलवली. सातचं दुखणं पहिल्याहून जोरात परत आलं.

आनंदराव किराणा दुकानात गेले आणि पोत्यांच्या काट्यावर उभे राहिले. ब्याऐंशी किलो. चपला काढल्या. घड्याळ काढलं. कमरेचा पट्टा काढला, खिशातल्या चाव्या काढल्या, पॅन्ट एका हातानं धरून पुन्हा उभे राहिले. दुकानदार म्हणाला, "काका, आता फक्त आत्माच काढाचा रायला."

त्या रात्रीपासून आनंदरावांनी अर्धी भाकर सोडली, मग दुसरी अर्धीही सोडली. सकाळी ते पायी गल्लीला सात चकरा मारायचे, भाज्यांचं पाणी प्यायचे. दहा दिवसांत हेल्मेट डोक्यावर फिरायला लागलं, पण काटा ऐंशीच्या खाली उतरेना.

अकराव्या सकाळी ते पुन्हा फाटकाशी उभे होते, हेल्मेट काखेत. आदल्या दिवशी बायजाबाई पायरीवरून घसरल्याचं त्यांनी ऐकलं होतं, आणि मनाला लाज वाटावी इतकी आशा त्यांना वाटली होती. दुर्गेशची गाडी आली. मागं बायजाबाई होत्या, पायाला पट्टी बांधलेली. "बसाले पाय कशाले लागते!" त्या जाता जाता म्हणाल्या.

आनंदराव वळले तेव्हा अंगणात जयवंताबाई उभ्या होत्या. पदर खोचलेला, हातात चावी. मागं ताडपत्रीखालची स्कूटी बाहेर काढलेली. लेक चिन्मयी लग्न होऊन अमरावतीला गेली तेव्हापासून ती तशीच पडून होती, असा आनंदरावांचा समज. पण तिचे आरसे पुसलेले होते आणि चाकांत हवा होती.

"कोण आलं गाडी न्याले?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाई. बसा."

"चालवन कोण?"

"मी."

आनंदरावांनी बायकोकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. "तुले कधी येऊन राहिली गाडी?"

"तुमी हिंगण्याच्या टपरीवर बसून होते तेव्हा. मिनलनं शिकवली. तिच्या दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, मैदानावर. लायसनबी काढलं." त्यांनी जरा थांबून सांगितलं, "तुमी दोन महिन्यांत मले इचारलंच नाई, मी काय करून राहिली म्हणून."

आनंदराव एवढंच म्हणाले, "जयवंता, मले गाडी चालवता येत नाई."

"मले लग्नापासून माईत हाय."

"कुठं जाचं हाय?"

"सीताबर्डीले. चष्मा आणाले. जवळचं समदं दिसते मले. गाय दिसते, माणूस दिसते, गाडी दिसते. दूरच्या पाट्या नाई दिसत, आकडे नाई दिसत. ते वाचणारं कोणी मागं पाहिजे."

"मंग ऑटोनं जाऊ ना वं."

"ऑटोत तिसरी सीट उरते. तिथं कोणाले बसवता?"

हे मात्र खरं होतं. तरी आनंदराव घुटमळले. "मी ऐंशी किलो हाय, जयवंता. गाडी पेट्रोल खाईन."

"खाऊ द्या. बायजाबाईले वाचता येत नाई."

आनंदरावांनी हेल्मेट घातलं आणि बसले. स्कूटी एकदा अडखळली, एकदा नालीकडे गेली, मग सरळ झाली. गल्लीच्या तोंडाशी महादेवरावांनी आधी मागची सीट पाहिली, भरलेली. मग पुढची पाहिली, आणि पाय उचलून खुर्चीवर घेतले.

"स्पीड ब्रेकर," आनंदराव मागून म्हणाले. "डावीकडून टेम्पो. पुढं काम चालू हाय, पाटी हाय." इतक्या महिन्यांत मागच्या सीटवरून ते पहिल्यांदाच बोलत होते, आणि थांबता येत नव्हतं.

शंकरनगर चौकात सिग्नल लाल झाला. ऊन समोरून येत होतं.

"लाल दिसते," जयवंताबाई म्हणाल्या. "किती सेकंद दाखवून राहिलं?"

आनंदरावांनी कपाळावर दोन्ही हातांचं छप्पर केलं. "एकशे अठरा."

"मंग कशाले चालू ठेवाची?" जयवंताबाईंनी चावी फिरवली. गाडी गप्प झाली.

शेजारच्या मोटरसायकलवाल्यानं सिग्नलकडे डोळे बारीक करून पाहिलं. उन्हानं आकडे धुऊन निघाले होते. "काका, किती म्हणाले?"

"एकशे नऊ."

त्यानंही बंद केली. मग पलीकडची मोपेड बंद झाली, मग मागची कार. आनंदराव कारखान्यात माप सांगत त्या आवाजात आकडे सांगू लागले, दर दहाला एक, स्वच्छ, ठणठणीत. मागून कुणी ओरडलं, "काका, जोरात सांगा गा, इथं ऐकू येऊन नाई राहिलं!" आनंदराव फूटरेस्टवर उभे राहिले. जयवंताबाईंनी हँडल घट्ट धरलं. "ऐंशी!" ते म्हणाले. "सत्तर!" हळूहळू अर्धा चौक शांत झाला, आणि रस्त्याकडेच्या कडुनिंबावर पाखरं बोलत होती ती लोकांना ऐकू आली. माणसं वर बघू लागली. एका बाईनं फोनवर कुणाला तरी सांगितलं, "थांब, इथं एक माणूस मोजून राहिला."

वीसला चाव्या फिरल्या. दहाला सगळा चौक एकदम घुमला. उजवीकडच्या टेम्पोवाल्यानं मान बाहेर काढली आणि घाईघाईनं विचारलं, "काका, उद्या याच टायमाले हाय का तुमी इथं?"

आनंदराव हळूच सीटवर बसले. पुढं बसलेल्या पाठीकडे त्यांनी बोट दाखवलं.

"तिले इचारा," ते म्हणाले. "मी तिच्या मागं असतो."