चढत गेलेली रांग

संग्रहालयात चित्रं टांगणारा तो माणूस कधी स्वस्थ बसलेला कुणी पाहिला नव्हता. पाहुण्यांकडे गेला तरी चहा येईपर्यंत त्याची नजर भिंतीवर फिरायची, आणि एखादी चौकट तिरकी दिसली की बसल्या जागी चुळबुळ सुरू. "अहो, लोकांच्या भिंती तरी सोडा!" बायको दटावायची. तो हसायचा आणि उठायचाच.

एकतीस वर्षं त्याच्या हाताला एकच उंची ठाऊक होती. चित्राचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्यासमोर. पट्टी न लावता खिळा ठोकायचा, आणि फरक बोटभरही पडायचा नाही. याचा त्याला अभिमान होता, आणि तो फुकाचा नव्हता.

उन्हाळा संपला की तो निवृत्त होणार होता. पण यंदा संग्रहालयाच्या मोठ्या बाईंनी सुट्टीत मुलांचं दालन काढलं, दर महिन्याला नवी चित्रं. आईबापांबरोबर फेरी मारायची, मग फरशीवर बसून आपलं चित्र काढायचं. बाई म्हणाल्या, "हे नीट लावलंत, तर पुढंही या दालनासाठी येत राहा. फक्त मुलांच्या डोळ्याला लावा. माझ्या कमरेएवढं."

"चित्र आहे बाई, केराची टोपली नाही."

पण घरी रिकामं बसणं त्याला नको होतं. तो कबूल झाला, आणि बाई तीन दिवस परगावी गेल्या.

पहिलं चित्र त्यानं बरोबर लावलं. मागं सरकून पाहिलं, तर ते भिंतीवरून घसरत चाललंय असं वाटलं. म्हणून दुसरं बोटभर वर घेतलं. तिसरं लावताना दुसरंही खालीच वाटलं, म्हणून आणखी बोटभर. तीन दिवसांत चोवीस चित्रं लागली. संध्याकाळी त्यानं रांगेवरून नजर टाकली. शेवटची चित्रं फार देखणी दिसली. दिसणारच, ती त्याच्या डोळ्यासमोर होती.

सकाळी दालन उघडलं. पहिल्या चित्रापुढं मुलं नाकाला नाक लावून उभी राहिली. "यातली मांजर माझ्याकडंच बघतेय!" एक मुलगी ओरडली. तो दारात उभा राहून सुखावला. दहाव्या चित्रापाशी टाचा उचलल्या. पंधराव्यापाशी बाप लोक पोरांना उचलू लागले. अठराव्यानंतर कुणी वर बघेना. पळापळ, रडारड, पाण्याची बाटली सांडली.

"इतकी का कंटाळली मुलं?" परगावाहून परतून फेरीबरोबर आलेल्या मोठ्या बाई पुटपुटल्या. त्यांच्या अजून ध्यानात आलं नव्हतं.

त्याच्या मात्र आलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत रांग जिन्यासारखी चढत गेली होती. गप्प राहिलं तर दोष मुलांवर जाईल. बोललं तर एकतीस वर्षांचा हात चुकला म्हणायचं, तेही चारचौघांत, आणि हे दालनही हातचं जायचं. तो दोनदा बाहेर गेला, दोनदा आत आला.

शेवटी बाईंसमोर उभा राहिला. "मुलं कंटाळलेली नाहीत. चूक माझी आहे. दर चित्राला मी वर वर गेलोय."

बाईंनी रांगेकडं पाहिलं. मग खाली वाकून, मुलांच्या उंचीवरून पाहिलं. "अहो, हे काय केलंत!"

"आत्ता उतरवतो."

बाईंनी दोरी लावून लोकांना मागं घेतलं. त्यानं शेवटचं चित्र दोन्ही हातांत धरलं आणि मांजरवाल्या मुलीला विचारलं, "कुठं थांबू, सांग."

"खाली. अजून खाली. आजोबा, अजून!"

तो गुडघ्यावर आला. सगळं अंग सांगत होतं, हे पडतंय, वर घे.

"बस! आता दिसलं!"

तिथंच त्यानं पेन्सिलीची खूण केली. मागं सरकून पाहिलं नाही.

"उरलेली उद्या दार उघडायच्या आत व्हायला हवीत," बाई कडक आवाजात म्हणाल्या. मग पुढं म्हणाल्या, "आणि पुढच्या महिन्यातली चित्रं मी समोर उभी राहून लावून घेणार आहे."

"राहा की," तो म्हणाला, आणि तेविसाव्या चित्राकडं वळला.