एकेचाळिसावा चेहरा

"ऊठ. खाली बस."

चित्रकलेच्या वर्गाचा शिक्षक मला म्हणाला. मी खुर्चीवर बसून पेन्सिलीला टोक करत होते. आजूबाजूला वर्गातली सतरा मुलं-मुली आपापल्या खुर्च्यांवर. कोपऱ्यात वस्तुचित्रासाठी ठेवलेलं घमेलं त्याने पायाने माझ्याकडे सरकवलं. "ओढणी डोक्यावर घे. हे मांडीवर धर. आजचा चेहरा, मजूर बाई."

मी त्या वर्गात शिकायला आले होते. बाकीच्यांसारखीच. मजूर माझी आई आहे, आणि तीही कुणाच्या चित्रात घमेलं धरायला जन्मलेली नाही. पण त्या दिवशी हे माझ्या तोंडातून निघालं नाही. मी उठले. खाली बसले. हे मी लपवणार नाही.

तेव्हा मी त्याला सर म्हणायची. आंजीहून रोज एसटीने वर्ध्याला यायची, कॉलेज करून त्याच्या चित्रकलेच्या वर्गाला जायची. पहिल्या दिवशी त्याने आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं. तो नुसता "अच्छा" म्हणाला. त्या अच्छाचा अर्थ आमच्याकडे लहान पोरालाही कळतो. मी न कळल्यासारखं केलं, कारण मला शिकायचं होतं.

त्याने वर्गाला एक आव्हान दिलं होतं. शंभर दिवस, शंभर चेहरे. एकही दिवस चुकवायचा नाही, चित्र फसलं तरी फाडायचं नाही, कोपऱ्यात क्रमांक टाकायचा. मी एकही चुकवला नव्हता. चाळीस झाले होते. डोळे चेहऱ्याच्या वरच्या भागात नाही, डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात, हे हाताला कळायलाच मला पंधरा चेहरे लागले.

एकेचाळिसावा चेहरा माझा निघाला.

माझ्याकडे पेन्सिल रोखून तो मुलांना समजावत होता. "अशा चेहऱ्यात शेडिंगला भरपूर वाव असतो. काळोख आयताच मिळतो." दोघंतिघं हसले. मला फक्त एकच गोष्ट करता येत होती. मान खाली घालायची नाही. दोन तास मी एकेकाच्या तोंडाकडे सरळ पाहत राहिले. डोळे चुरचुरायला लागले, तरी पाहत राहिले.

मग सगळी चित्रं भिंतीशी ओळीने लावली. सतरा चित्रं. सतराही चित्रांत माझे डोळे खाली.

एकाने तर गालावर अश्रू काढला होता.

माझ्या शेजारी रोज बसणारी मुलगी होती. तिला मी विचारलं, "मी तं तुह्याकडं पाहून राह्यली होती. मंग डोळे खाली काऊन काढले?"

ती म्हणाली, "हो गं. पण तसं चांगलं नसतं दिसलं."

तिच्या बोलण्यात खोट नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. तेच जास्त लागलं.

तेवढ्यात तो आला आणि म्हणाला, "उद्या आईला घेऊन ये. सुरकुत्या असतील ना? सगळ्यांचा सराव होईल."

आता मात्र माझं तोंड उघडलं.

"माही माय कोणाचा सराव नाई."

"काय म्हणालीस?"

मी तेच पुन्हा म्हणाले. कला शिक्षक पदविकेच्या प्रवेशासाठी तो मला शिफारसपत्र देणार होता. त्याने शांतपणे सांगितलं की ते आता विसर, कलेत आधी नम्रपणा लागतो. मी ओढणी खाली घेतली, घमेलं त्याच्या टेबलावर ठेवलं आणि निघाले.

घरी येऊन माझे स्वतःचे चाळीस कागद जमिनीवर पसरले. त्याच्यावरचा राग घेऊन बसले होते, आणि तिथे माझंच पितळ उघडं पडलं. मी काढलेला प्रत्येक माणूस गोरा होता. माझे काका गोरे. शेजारची आजी गोरी. तिसरा चेहरा आईचा होता. तो पाहून ती तेव्हा म्हणाली होती, "मले एवढी गोरी काऊन केलं तुनं?" मी हसण्यावारी नेलं होतं. त्याने शिकवलं होतं, चेहऱ्याला कागद कोरा ठेवा, नाकाखाली आणि हनुवटीखाली थोडी छाया द्या. मी माझ्याच माणसांना खोडत होते.

बेचाळिसावा चेहरा मी वस्तीत काढला. विहाराच्या ओट्यावर. आधी सगळ्या चेहऱ्यावर गडद पेन्सिल फिरवायची, मग कपाळावरचा, गालाच्या हाडावरचा उजेड खोडरबराने उचलायचा. हे मला कुणी शिकवलं नाही. अनेकदा फसलं. एक काका म्हणाले, "हा तं माह्या साळ्यासारखा दिसून राह्यला." बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मी फाडलं नाही. क्रमांक टाकला.

शंभरावी आई. कापूस वेचून आली, हातपाय धुतले, आणि कुठे बसायचं ते तिनेच ठरवलं. उजेड असेपर्यंत काढत होते. तिने कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"आता हे मी हाये. पण राग दिसून राह्यला."

"हाये न राग."

"मंग बरोबर हाये," ती म्हणाली.

परवा वर्गात शेजारी बसणाऱ्या त्या मुलीचा फोन आला. सर म्हणतात, माफी मागितली तर पत्र तयार आहे. मी सांगितलं, पत्र त्याच्याजवळच राहू दे. मी प्रवेशाला जाणार आहे. नव्व्याण्णव कागद घेऊन जाणार, एकेचाळिसावा मी काढलेला नाही. घेतलं नाही, तर पुढच्या वर्षी दोनशे नेईन. थांबणार नाही.

आणि एक दिवस त्याचाही चेहरा काढणार आहे. त्याला विद्रूप करणार नाही, सुंदरही करणार नाही. मला दिसला तसा काढीन, आणि खाली त्याचं पूर्ण नाव लिहीन.