शेवटच्या वळणावरचं कोपर

जेऊरजवळ, उजनीच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, माझ्या चुलत्यांची खडकाळ पडीक जमीन होती. तिथं काही पिकेना, म्हणून त्यांनी ट्रॅक्टरमागं लोखंडी फळी बांधून गोल ट्रॅक ओढला आणि मोटारसायकलींच्या शर्यती सुरू केल्या. तीन उन्हाळे त्या चालल्या. ना हेल्मेट, ना कठडा. लोक मुद्दाम वळणावर उभे राहत, कारण माणसं तिथंच पडत. दर शर्यतीत कुणाचे तरी दात, कुणाचं तरी हाड मोडायचं. गर्दी त्यासाठीच यायची.

शेवटच्या शर्यतीत मी आणि पलीकडच्या गावचा एक गडी बरोबरीत होतो. त्यानं माझ्या नडगीवर लाथ घातली. मी सावरलो आणि शेवटच्या वळणावर त्याच्या बरगडीत कोपर हाणलं. चुकून नाही, नेम धरून. धुळीत कुणाला दिसलं नाही. त्याची गाडी उडाली ती झेंडा घेऊन उभ्या असलेल्या चुलत्यांच्या गुडघ्यावर आदळली. मीही घसरलो.

त्याच्या गावची माणसं माझ्यावर तुटून पडली. "पाडलं की ह्यानंच! हाणा!" कुणीतरी गाडीची चेन फिरवली, माझा कान फाटला. तेवढ्यात तो पडलेला गडी आपला मोडलेला, लोंबता हात धरून मधे आला.

"सोडा त्याला! पैली लाथ मी घातली."

ते थांबले. पण आता आमच्या गावानं त्याला धरलं. मोडलेल्या हातालाच धरून फरफटत नेलं, काठ्यांनी झोडपलं. तो ओरडत माझ्याकडं बघत होता. माझा एक शब्द पुरला असता. मी तोंडातलं रक्त थुंकत गप्प पडून राहिलो.

सोलापूरच्या दवाखान्यात चुलत्यांचा पाय मांडीतून कापला. शुद्धीवर येताच ते म्हणाले, "ट्रॅकवर नांगर घाल." दुसऱ्याच दिवशी घातला. पुढं गाळ आणून टाकला. आता तिथं केळी आहे.

त्यांना वर्षानुवर्षं वाटत होतं, पाय त्या परगावच्या पोरामुळं गेला. गेल्या साली मी खरं सांगितलं. बराच वेळ ते कुबडीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "मला सांगून काय? ज्यानं मार खाल्ला त्याला सांग जा."

गेलो. तो गोठ्यात डाव्या हातानं वैरण टाकत होता. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. मी कोपराचं सांगितलं.

"मला ठावं हाय की," तो म्हणाला. "बरगडी माझीच हुती."

"मग बोलला का न्हाईस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो हुतो."

त्याच्या बायकोनं पाणी आणलं. तो बस म्हणाला नाही. मी उभ्यानंच प्यालो आणि निघालो.